कोणाचा गो तू?

फोटो काढून झाला होता. हातातले कागद गुंडाळत मुलं पांगायला लागली होती आणि मी मोबाइल हातभर लांब धरून फोटो नीट आलाय का ते बघत होते. चष्मा टेबलावरच राहिला होता. चौथीतली एक मुलगी माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. आपण कशा दिसतोय ते तिला बघायचं असेल म्हणून मी मोबाइल खाली केला. तिने चेहऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. फोटोच्या खालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून ती इंग्रजी अक्षरं लावत वाचू लागली. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, मग अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. सगळं वाचून झाल्यावर वर बघून म्हणाली, "बाई, ह्येच्यात आपलो पत्तो इलो."

"होय गो, तो आपोआप येता."

"आणि आमच्या गळ्यात ओळखपत्रां आसत."

एवढं म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. सूर भांडणाचा नव्हता. शुद्धलेखन तपासताना मी जशी 'इथे वेलांटी दीर्घ' म्हणते ना, तसा होता.

त्या दिवशी सुरक्षित इंटरनेट दिवस होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तो येतो हे काही वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. पण वरून पत्र आलं की आम्हा शिक्षकांना सगळे दिवस कळतात. पत्रात काय काय करायचं त्याची यादी होती आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जिओटॅग फोटो दुपारी चारपर्यंत ग्रुपवर टाकावेत. मी सकाळपासून मन लावून शिकवलं होतं. फळ्यावर माझ्या बऱ्यापैकी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आपले नाव, पत्ता, शाळा आणि फोटो अनोळखी माणसाला देऊ नये.' त्याच फळ्यासमोर एकोणीस मुलं ओळीत उभी करून मी फोटो काढला. म्हणजे मागे तो सुविचार, पुढे ती एकोणीस तोंडं, गळ्यात त्यांची नावं आणि पायाशी पृथ्वीवरचा त्यांचा नेमका ठिकाणा. ज्या ग्रुपवर तो जाणार होता त्यात साठेक माणसं आहेत. त्यातली निम्मी मी पाहिलेली नाहीत. तिथून फोटो पुढे तालुक्याच्या ग्रुपवर जातो, आणि त्यापुढे कुठे जातो हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

पाठवला. तीन चाळीसला. दोन अंगठे आले.

तिने विचारलं ते मला लागलं असं नाही. मी ऐकून घेतलं, मनातल्या मनात 'खरंय गं बाई' म्हटलं, आणि तरी पाठवला, ते राहून राहून आठवतं. रात्री भाकऱ्या थापताना, पहाटे एसटीची वाट बघत उभी असताना, ती काळी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं ते नखात माती अडकलेलं बोट डोळ्यांपुढे येतं. (तिचं नाव मी इथे लिहीत नाही, गावाचंही नाही. देवगड तालुक्यातली एक खाडी, खाडीवर एक वाडी आणि जांभ्याच्या जोत्यावर दोन खोल्यांची, पहिली ते चौथीची शाळा. यापेक्षा जास्त सांगायला आता मी घाबरते.)

गोष्ट तिथे संपली असती. पण पुढच्याच आठवड्यात वाडीतली एक म्हातारी काठी टेकत शाळेच्या पायऱ्या चढून आली. श्वास लागला होता. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तिने तक्रार सांगितली. "बाई, तुमची पोरां आता नाव सांगनत नाय." वाटेत भेटलेल्या दुसरीतल्या एका पोराला तिने रोजच्यासारखं विचारलं होतं, कोणाचो रे तू? त्यावर त्या पठ्ठ्याने हाताची घडी घालून सांगितलं होतं की अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, बाईंनी सांगितलंय. म्हातारीला मोतीबिंदू आहे, तिला मुलं चेहऱ्यावरून कळत नाहीत. "मी काय चोर आसंय?" ती म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसत बसली. त्या पोराच्या बापाच्या बारशाला पाळण्याची दोरी तिने धरली होती, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मी हसले खरी, पण तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडे 'तुझं नाव काय' असं कुणी लहान पोराला विचारत नाही. 'कोणाचा तू?' असं विचारतात. हा प्रश्न नावाचा नाहीच मुळी. पोर कुठल्या घराशी, कुठल्या वाडीशी, कुठल्या देवाच्या मानाशी बांधलेलं आहे ते त्यात विचारलेलं असतं. उत्तर दिलं की लगेच काहीतरी पदरात पडतं. कधी खाऊ, कधी 'बापाशीक सांग, जाळा घेवन ये म्हणान' असा निरोप, कधी पाठीत धपाटा, कारण रस्त्यात एकटा काय करतोस. मी स्वतः सहा वर्षांची असताना कुणकेश्वरच्या जत्रेत हरवले होते. महाशिवरात्र, समुद्राला भरती, देवळाच्या मागून लाटांचा आवाज आणि खाजा, मालवणी मिठाई, बांगड्या, पिपाण्या या सगळ्यांचा मिळून एकच कल्ला. आईचा हात कधी सुटला ते कळलंच नाही. रडत उभी होते तर एका बांगडीवाल्याने विचारलं, कोणाचा गो तू? मी जे जे येत होतं ते सगळं सांगून टाकलं. बापाचं नाव, आजोबांचं नाव, वाडी, घरासमोरचा फणस, आमची म्हैस आटलीय हेसुद्धा. पाव तासात हातोहात, तोंडातोंडी करत मी मामाच्या दुकानाशी पोचले होते. त्या दिवशी माहिती लपवली असती तर मी अजून तिथेच रडत असते.

आता चाळिशी उलटल्यावर मी मुलांना नेमकं उलटं शिकवतेय.

शिकवायला मी तरी कुठे तयार होते म्हणा. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा मला या नोकरीत दोन-तीन वर्षं झाली होती आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नुकतंच हातात पडलं होतं. तालुक्याच्या क्लासमध्ये दीडदोन महिने जाऊन मी पेंटमध्ये घर काढायला, एक्सेलमध्ये बेरीज करायला आणि 'एंटर'ला घाबरू नये हे शिकले होते. त्यावर शाळेतल्या संगणकतज्ज्ञ मीच. यंत्र आलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि सरपंचांनी माउस उलटा धरून उद्घाटन केलं. जुन्या नऊवारीचं अभ्रं शिवून मी ते झाकून ठेवायचे. मुलं त्या खोलीत जाताना न सांगता चपला बाहेर काढायची. पण आमचा खारा वारा कुणाची पूजाअर्चा बघत नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर स्क्रू तांबडे झाले, वायरींच्या तोंडांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी भुकटी जमली, आणि एकदा मागचं झाकण उघडलं तर आत पालीची तीन अंडी. तरी तो खोकत खोकत चालायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात शाळेच्या एका बाजूची कौलं उडाली आणि रात्रभर पाऊस थेट त्याच्या डोक्यावर पडत राहिला. दिवसेंदिवस लाइट नव्हती, तेव्हा बिघडलाय की नाही हे बघायलाही वेळ लागला. पंचनाम्यात एक ओळ आली: संगणक संच, नादुरुस्त. ती ओळ लिहिताना मला घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली होती, कारण शेजारच्या वाडीत लोकांच्या होड्या फुटल्या होत्या.

संगणक गेला म्हणून संगणकाचा तास गेला नाही. उलट मला तर वाटतं त्याच्यामागे तो जास्त रंगला. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली, आणि पुढे तिच्यात एक कासव आलं. 'पुढे ५०, उजवीकडे ९०' असं सांगितलं की ते सरकतं आणि मागे रेघ सोडतं. हे मी प्रशिक्षणात ऐकलं आणि मनात म्हटलं, कासवं तर आमच्याकडे खरीच आहेत. ओहोटीच्या वेळी मुलांना वाळूवर नेलं. एकीला कासव केलं, तिच्या हातात माडाची झावळ दिली आणि बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. चार पावलं पुढे, उजवीकडे वळ. असं चारदा. ओल्या वाळूत चौकोन उमटला तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला त्याने बगळे उडाले. मग 'चारदा कर' हे एकदाच सांगायचं, म्हणजे हुकूम लहान होतो, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. एकाने पावलं मोजायला चुकवली आणि कासव थेट पाण्यात गेलं. चूक कासवाची की हुकूम देणाऱ्याची यावर अर्धा तास वाद झाला. तिसरीतल्या एकाचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत निराळंच होतं. "बाई, कासव काटकोनात वळना नाय. माझ्या काकान अंडी राखल्यानी हत, मी बघलंय." दर हंगामात त्याचा काका ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांना जाळी लावून रात्री राखण करतो. त्याच्यापुढे पेपर्ट काय आणि मी काय.

हे सगळं शिकवायला मजा येते. मजा येत नाही ती दुसऱ्या भागात. काय करू नये याचा तो भाग.

पासवर्डचंच घ्या. प्रत्येकाने मनातल्या मनात एक पासवर्ड तयार करा म्हटलं, तर पाच मिनिटांत एकोणीसच्या एकोणीस जणांना एकमेकांचे माहीत होते. आठ जणांचा तर एकच होता, ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे १२३. कुणाला सांगायचा नाही म्हटल्यावर एक मुलगी फार दुखावली, कारण तिने तो मैत्रिणीला दोस्ती म्हणून सांगितला होता आणि मैत्रिणीने आपला तिला. आता परत कसा घ्यायचा? ज्या गावात घराची चावी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात असते आणि ती तिथे असते हे पोस्टमनपासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे 'फक्त तुलाच माहीत असलेली गोष्ट' म्हणजे काय हे समजावणं भलतंच अवघड. त्यांच्या लेखी अशी लपवलेली गोष्ट म्हणजे फार तर चोरी.

खोट्या प्रोफाइलचं मात्र मला समजवावं लागलं नाही. फोटो मुलीचा असला तरी पलीकडे मुलगीच असेल असं नाही, एवढं मी म्हटलं आणि मागून आवाज आला, "म्हणजे दशावतारासारखा!" वर्गात एकदम जीव आला. आमच्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. त्यातली राणी, अप्सरा, सगळी पुरुषच असतात आणि ते कोण आहेत हे मुलांना बरोबर माहीत असतं. सकाळी चिऱ्यांवर गिलावा मारणारा काका रात्री नऊवारी नेसून पखवाजाच्या ठेक्यावर अशी मान वेळावतो की बायका बघत राहतात. मी खूश झाले. शिक्षकाला असं उदाहरण आयतं मिळालं की पगार फिटल्यासारखा वाटतो. पण ती काळ्या पट्टीवाली मुलगी (मी सांगितलं ना, ती साधी नाही) विचार करून म्हणाली, "पण बाई, राणयेची दाढी दिसता." पहाटेपर्यंत रंग उतरतो, घामाने पावडर ओघळते, हनुवटीवर निळसर सावली येते, आणि सूर्य उगवला की राणी पडद्यामागे बसून विडी ओढते. इकडे सोंग आहे हे सगळ्यांना माहीत असतं, सोंग घेणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. मोबाइलमधल्या सोंगाची पहाट होत नाही. असलं काही मी वर्गात बोलले नाही. "बरोबर," एवढंच म्हटलं आणि घंटा वाजली.

मधल्या सुट्टीत त्यांनी जे केलं ते मात्र सांगायलाच हवं. खिचडी खाऊन हात धुतल्यावर चौथीतला एक पोरगा जोत्यावर उभा राहिला, डोळे मिटले आणि गावकऱ्याच्या थाटात गाऱ्हाणं घालायला लागला. "बा देवा म्हाराजा! ह्या शाळेतली जी लेकरां हत, तेंच्या आवशी-बापाशीच्या मोबाइलार जो कोण वायट नजर घालीत, ओटीपी मागीत..." खाली बाकीचे सगळे एका सुरात, "होय म्हाराजा!" "...तेचो मोबाइल खाडयेत पडांदे रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" पोषण आहाराचं पातेलं घासणाऱ्या ताईही होय म्हाराजा म्हणाल्या. त्याचा व्हिडिओ काढावा म्हणून माझा हात खिशाकडे गेला होता, हे कबूल करते.

तो पोरगा हे विनोदाने म्हणत नव्हता.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्याचा बाप ट्रॉलरवर खलाशी, आई मुंबईला एका घरी स्वयंपाकाला, घरात आजी आणि हा. आमच्याकडे अशा घरांत दहा वर्षांचं पोर म्हणजे घरातला कारकून असतो. आलेला मेसेज तो वाचतो, गॅसचा नंबर तो लावतो, बँकेत पैसे आले की नाही ते तो सांगतो. एका संध्याकाळी फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आजीला हिंदी येत नाही. तो म्हणाला, घरात शिकलेलं कुणी आहे का? आजीने मोठ्या अभिमानाने फोन नातवाच्या हातात दिला. त्या माणसाने त्याला बेटा म्हटलं, कितवीत आहेस विचारलं, तुझ्या दादीच्या खात्यात सरकारचे पैसे टाकायचे आहेत, कार्डावरचे नंबर वाच म्हणाला. पोराने वाचले. पुढचे सोळा, पाठीमागचे तीन. प्रत्येक चार आकड्यांनंतर तो माणूस शाबासकी देत होता. मग मेसेज आला आणि त्यातले सहा आकडेही त्याने वाचले, न अडखळता. अंक असे न अडखळता वाचायला त्याला मी शिकवलं होतं.

९,४०० रुपये गेले. आजीने काजूची बी विकून ठेवलेले.

पैसे खात्यात यायला कुठलाही आकडा कुणाला सांगावा लागत नाही, पिन किंवा ओटीपी जिथे मागतात तिथे पैसे जात असतात, येत नसतात. हे मी त्याच्या वर्गाला शिकवलेलं होतं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हेही शिकवलेलं होतं. इथेच मला अजून टोचतं. पैसे गेल्याचा मेसेज त्याच मिनिटाला आला. त्याने तो वाचला, त्याला तो कळला, आणि त्याने तो पुसून टाकला. बाईंनी करू नको म्हटलेलं आपण केलं, हे त्याला बरोबर कळलं होतं. तीन दिवस तो तापाचं निमित्त करून शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आजी बँकेत गेली तेव्हा उलगडा झाला. मग आम्ही १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबरवर, फोन लावला, रेंजसाठी सड्यावर उभं राहून, छत्री उलटी होत असताना. तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. पण या फोनचा उपयोग पहिल्या तासा-दोन तासांत. तेवढ्यात कळवलं तर पैसे वाटेतच कुठल्या तरी खात्यात अडवून धरता येतात. चार दिवसांत ते कुठल्या कुठे गेलेले असतात. पोर गप्प बसलं म्हणून पैसे गेले. आणि ते गप्प बसलं, कारण मी त्याला 'करू नये' एवढंच शिकवलं होतं. केलं गेलंच, तर काय करायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

तो शाळेत आला त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं. त्याला फळा पुसायला सांगितला. तो इतका वेळ पुसत राहिला की खडूची भुकटी त्याच्या भुवयांवर बसली.

तेव्हापासून माझ्या त्या धड्याची पहिली ओळ बदलली आहे. काही झालं तर आधी सांगायचं, मोठं कुणीही चालेल, ओरडा बसणार नाही. ती ओळ लिहिताना मला दरवेळी जरा खोटं बोलल्यासारखं वाटतं, कारण ओरडा बसतो, घराघरांत बसतो, हे मला माहीत आहे. मोठं कुणीही चालेल हेही तितकं खरं नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या, प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की मुलाला त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. म्हणजे म्हातारीची बाजू घेऊन 'गावात सगळे आपलेच' असं म्हणावं तर तिथेही जीभ अडखळते. माझी आजी सांगायची, रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली तर ते माणूस. तेव्हा मी ते भुताखेतांचं समजत होते. तिने आयुष्यात कुठली माणसं पाहिली होती ते तिला कधी विचारलं नाही. म्हणून आता मुलांकडून १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून घेते. दहा, नऊ, आठ, असं उलटं मोजत, उड्या मारत ती म्हणतात. त्यांना तो खेळ वाटतो. वाटू दे.

फोटोचं काय केलं? तेच तर. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे. म्हणून मी आपल्या परीने एक कागद तयार केला आणि पालकसभेत वाटला. एका आईने पेन मागून घेतलं आणि विचारलं, "सही खय करूची?" काय लिहिलंय ते विचारलं नाही. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "तुमी वाचलास मां, मगे झाला." माझ्यावरच्या विश्वासापोटी ती असं म्हणाली, आणि तोच मला जड झाला. एकूण सोळा सह्या आणि तीन अंगठे मिळाले. फाइलला लावले. काळी पट्टी त्याने पुसली गेली नाही.

सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला. पुन्हा पत्र, पुन्हा फोटो. या वेळी मी मुलांना फळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि मागून फोटो काढला. एकोणीस पाठी, सतरा-अठरा वेण्या, तेल लावून चापून बसवलेले केस, एकाच्या कॉलरला सुईदोरा लोंबत असलेला. मला तो फोटो आवडला. तासाभरात फोन आला. "मॅडम, मुलांचे चेहरे दिसत नाहीत." माणूस वाईट नव्हता, त्यालाही कुणीतरी वरून विचारणार होतं. खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. "ऊन समोरून येत होतं सर," मी म्हटलं. "बरं, पुढच्या वेळी लक्ष ठेवा." ठेवते म्हणाले.

त्या वर्षी महाशिवरात्र मार्चमध्ये आली होती. मी कुणकेश्वरला गेले होते. आता रांगेला बांबूचे अडसर असतात, भोंग्यावर हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात, खाजाच्या दुकानावरही पैसे द्यायला क्यूआर कोडची पाटी लटकते. पण भरतीचा आवाज तोच, आणि बांगड्यांची दुकानंही तशीच, देवळाकडून समुद्राकडे उतरताना डाव्या हाताला. तिथे ती काळ्या पट्टीवाली मुलगी दिसली. बाप मागे कुणाशी तरी बोलत उभा होता, आणि ती हिरव्या बांगड्या हातात फिरवून बघत होती. दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाचा गो तू?"

तिने बांगड्या खाली ठेवल्या. मी दोन पावलं मागे थांबले. तिने मला पाहिलं नव्हतं.

"आदी तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमी कोणाचे?"

म्हातारा आधी बघतच राहिला. मग त्याने जे सुरू केलं ते थांबेचना. त्याचं मूळ गाव, तिथून त्याचा आजा कुठल्या दुष्काळात इकडे आला, आईचं माहेर, पहिली बायको, दुसरी बायको, दुकान किती वर्षांचं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत सगळं ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिने वाडीचं नाव सांगितलं. फक्त वाडीचं.

"वाडी कळली, तर बाकीचा मी काढतंय," म्हातारा म्हणाला आणि तिची हनुवटी दोन बोटांनी धरून त्याने तोंड उजेडाकडे वळवलं. "ह्या नाक तर तुझ्या आजयेचा."